मदत हवी आहे: ब्राँझ अवॉर्डसाठी नोंदींचे नमुने आणि दोन दिवसांची वाट

ड्यूक ऑफ एडिनबर्ग इंटरनॅशनल अवॉर्ड या तरुणांसाठीच्या उपक्रमाच्या ब्राँझला, म्हणजे पहिल्या पातळीला, नववीतली मुलं बसवतोय. सेवा, कौशल्य, शारीरिक खेळ प्रत्येकी 3 महिने, त्यातला एक विभाग आणखी 3 महिने, आठवड्याला सरासरी तासभर. हे गणित सोपं आहे. घोडं अडतं ते नोंदींवर. मुलं शेवटी एका बैठकीत सगळं भरतात, तेही नुसतं 'सराव केला'. मग मूल्यमापक सही करणार कशाच्या जोरावर? 'तबल्यावर रूपक ताल दुप्पट लयीत बसला, सातव्या मात्रेला अजून घसरतो' अशा धाटणीच्या नोंदी कोणाकडे असतील तर नाव झाकून पाठवा.

दुसरं, अवॉर्डचा चौथा विभाग, साहसी प्रवास. 2 दिवस, 1 मुक्काम, रोज किमान 6 तास, गट 4 ते 7 जणांचा, पर्यवेक्षक लांबून लक्ष ठेवणार. लोणावळा–राजमाची–कोंढाणे लेणी–कर्जत अशी वाट डोळ्यांसमोर आहे. पण राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडी गावात घरगुती जेवण मिळतं, म्हणजे स्टोव्ह सॅकमध्येच राहायचा! स्वतः रांधून खावं लागेल आणि डिसेंबरातही पाणी मिळेल अशी वाट सुचवा. सरावफेरीसाठी तशाच चढउतारांची दुसरी वाटही हवी. मुक्कामाला परवानगी कोणाची लागते, तेही लिहा.