पणजीत चौदा जणांचं मासळीचं जेवण: कधी पोचायचं, काय नि किती मागवायचं?

वडगावकर
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीतल्या एका रविवारी बेळगावहून टेम्पो ट्रॅव्हलर करून पणजीला जाऊलोय. चौदा माणसं. दहा मासे खाणारी, त्यांत दोघं सत्तरीच्या पुढची आणि तीन लहान पोरं. बाकी चौघं शाकाहारी. दुपारचं जेवण १८ जून रस्त्यावरच्या रिट्झ क्लासिकला किंवा तसल्याच गर्दीच्या हॉटेलात करायचं आहे. किती वाजता दारात पोचायला हवं? सगळ्यांना थाळीच घ्यावी का? मेनूवर मोठ्या माशापुढे आकडा नसतो, ‘साईजप्रमाणे’ एवढंच असतं, तिथं कसं विचारायचं? शाकाहारी लोकांची सोय काय? अंधार पडायच्या आत घाट चढायचा आहे.

जांबोटी_रोड
आधी वेळेचं बघा, कारण रविवारी तिथंच सगळं गणित चुकतं. चोर्ला घाटाच्या वाटेनं अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे, पण जांबोटी, कणकुंबी, मग घाट, मग केरी-साखळी असा रस्ता म्हटला की चहा-नाष्ट्यासह चार तास धराच. साडेसातला बेळगाव सोडा. अनमोड-मोलेमची वाट लांब पडते. चोर्ला बंद असेल तरच ती धरा.

पणजीतली थाळीची हॉटेलं दुपारी बाराच्या सुमाराला सुरू होतात आणि तीनला स्वयंपाकघर आवरतं. पहिल्या पंगतीला, म्हणजे पावणेबाराला दारात असाल तर माशाची कढी ताजी मिळते, तिसऱ्या (शिंपले) संपलेल्या नसतात आणि वेटरला तुमच्याशी बोलायला वेळ असतो. एकला पोचलात तर चौदा जणांना तासभर जिन्यात उभं राहावं लागेल. एक लांब टेबल मिळेल ही आशा धरू नका. सहा आणि आठ, नाहीतर चार-चार-सहा अशी फोड आधीच ठरवा आणि नाव नोंदवताना तसंच सांगा. शाकाहारी चौघं एका टेबलावर बसली तर वाढणाऱ्याची चूक होत नाही. बिलंही पहिल्यापासून टेबलागणिक वेगळी मागा. जेवण झाल्यावर फोडून मागितली की घोळ होतो.

गाडी दारात थांबवून सगळ्यांना उतरवा आणि ड्रायव्हरला पुढं जाऊ द्या. पाटो भागात बहुमजली पार्किंग आहे, पण ट्रॅव्हलर उंच असते, तेव्हा तिथली उंचीची पट्टी बघूनच आत घाला म्हणावं.

तीनला पणजी सोडलीत तर घाट उजेडात चढून होतो. जेवणानंतर लगेच वळणं लागतात, त्यामुळे पोरांना पुढच्या सीटवर बसवा.

कॅम्प_मासळी
थाळीबद्दल. दहाच्या दहा जणांना थाळी नको. मोठ्या सात माणसांना सात थाळ्या घ्या. पोरांना भात, डाळ आणि बटर-गार्लिक कोळंबीची एक प्लेट पुरते. थाळीत भात, माशाची कढी, तिसऱ्यांचं सुकं, किसमूर (सुक्या कोळंबीची कोशिंबीर), एखादी भाजी, सोलकढी, लोणचं आणि तळलेला एखादा तुकडा असतो. भात आणि कढी बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात, तळलेला तुकडा नाही. हा तुकडा पातळच असतो, आणि तिथंच आपल्याकडच्या लोकांचा हिरमोड होतो. म्हणून सात थाळ्यांच्या जोडीला एक किलोच्या आसपासचा चणक (जिताडा) घ्या. डोकं-पोट काढून त्याचा साधारण दोन-तृतीयांश भाग उरतो, सहा-सात बऱ्या तुकड्या होतात. एका थाळीत दोघं जेवू देत नाहीत, ते बसतानाच विचारा.

आता ‘साईजप्रमाणे’चं. मसाला लावायच्या आधी मासा ताटात घालून टेबलाशी आणायला सांगा. लाजू नका, पणजीत हे रोजचं आहे. तीन प्रश्न विचारा: वजन किती, ते साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि तळून टेबलावर येईपर्यंत एकूण किती रुपये. मसाला लागला की मासा परत होत नाही. मेनूवर रुपये नाहीत आणि वेटर “बघू, जास्त नाही होणार” म्हणतो, तिथं मागवूच नका.

अख्ख्या माशाचे डोळे फुगीर नि काळेभोर हवेत, कल्ला उचलला तर लाल. तपकिरी किंवा चिकट असेल तर सोडा. सुरमईची तुकडी असेल तर काट्याभोवतीचं मांस बघा. ते काट्यापासून सुटून आलेलं असेल किंवा मधला गडद पट्टा लालऐवजी तपकिरी पडला असेल तर ती शिळी आहे. रवा आणि झणझणीत मसाला दोन्ही शिळेपण झाकतात, म्हणून कच्चाच बघायचा.

पाऊण किलोच्या वरचा मासा अख्खा तळून मागू नका. बाहेरचा रवा करपतो आणि काट्यालगतचं मांस कच्चं राहतं. तुकड्या करून मागा, नाहीतर दोन्ही बाजूंनी काट्यापर्यंत चिरे द्यायला सांगा. एक-दीडच्या गर्दीत तव्यावर एका वेळी फार तुकड्या पडतात, तेल थंड होतं, रवा तेल पितो आणि गळून पडतो. लवकर पोचण्याचं हेही एक कारण.

बांगडा, सुरमई, तारली हे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. शिजवून किंवा तळून ते जात नाही. घास तोंडात घातल्यावर जिभेला मिरीसारखं चुरचुरलं, ओठ झिणझिणले, तर गिळू नका, ताट बाजूला करा. थोड्या वेळानं तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर गांधी उठणं असा त्रास होतो. श्वासाला अडचण वाटली तर थेट दवाखाना गाठा.

सदाशिवगड_माहेर
कॅम्पवाले भाऊ, चुरचुरण्याचं बरोबर आहे, पण नवख्या माणसाचा तिथं गोंधळ होईल. बांगड्याच्या हुमणात (नारळाच्या कढीत) तिरफळ घालतात, त्यानंही जीभ बधिर होते. तिरफळाला संत्र्याच्या सालीसारखा वास असतो आणि ते कढीत असतं. तळलेल्या तुकडीत तिरफळ नसतं. तुकडी चुरचुरली तर मात्र तुम्ही म्हणता तेच. कढीतली काळी टरफलं चावू नका, ताटाच्या कडेला काढून ठेवा.

वडगावकर दादा, म्हाताऱ्या माणसांना बांगडा-तारली देऊ नका, बारीक काटे फार. मुडदुशे मागा. मांस मऊ, मधला काटा सरळ निघून येतो. गोव्यात त्याला मुड्डोशी म्हणतात. आणखी नावं लक्षात ठेवा: सुरमई म्हणजे इसवण, कोळंबी म्हणजे सुंगटां, खेकडे म्हणजे कुर्ल्यो. वेटरला मराठी कळतं, पण फळ्यावर कोकणी नावं लिहिलेली असतात. आपल्याकडच्या तिखट रश्श्याची सवय असलेल्यांना गोव्याची कढी नारळामुळे सौम्य वाटेल. तिखट हवं असेल तर रेशाद मसाल्यातला बांगडा घ्या. त्यात व्हिनेगर असतं, आंबटपणा कोकमाचा नसतो. ज्यांना ती चव नको त्यांनी रवा फ्राय मागावं.

शाकाहारी लोकांसाठी एक गोष्ट फार जपा. किसमुरात सुकी सुंगटां असतात आणि काही ठिकाणी भाजीतही सुकट घालतात. “शाकाहारी” एवढं म्हणून भागत नाही. “सुकट घातलेलं नाही ना, तवा वेगळा आहे ना” असं विचारा. कोणाला कोळंबी-शिंपल्यांची ॲलर्जी असेल तर त्यांनाही किसमूर आणि तिसऱ्या वाढू देऊ नका. चौघांना वेगळा तवा हवाच असेल तर त्यांना एखाद्या पूर्ण शाकाहारी हॉटेलात पुरी-भाजी जेवू घाला. पातळ भाजी, सुकी भाजी, गरम पुऱ्या, सोबत बन. मनात शंका ठेवून जेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

सोलकढी शेवटी प्या. वर पाणी नि खाली दाट थर दिसला तर नुसती ढवळा, ती बसलेली असते. आंबूस वास आला तर परत करा, नारळाचं दूध उकाड्यात काही तासांत उतरतं.

वडगावकर
सगळ्यांचे आभार. अजून तीन शंका. बिलात सर्व्हिस चार्ज आला तर? आणि येताना कच्चे मासे आणायचे तर टिकतील का? काकांना जून-जुलैतही जायचं मनात आहे, तेव्हा मिळतं का काही?

कॅम्प_मासळी
सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. काढायला सांगा, ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. साध्या हॉटेलातल्या जेवणावर जीएसटी ५ टक्के असतो, दारूवर जीएसटी नसतो.

मासे जेवण झाल्यावर घेऊ नका. ड्रायव्हर मोकळा असेल तर तुम्हाला उतरवल्यावर लगेच बाजारातून घ्यायला लावा. पोट नि कल्ले काढून, माशाच्या वजनाइतकाच बर्फ, एक थर बर्फ एक थर मासा, थर्माकोलच्या पेटीला खाली भोक ठेवून. वितळलेल्या पाण्यात मासा बुडाला की मऊ पडतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. तेव्हा सुरमई-पापलेट म्हणजे बहुधा बर्फातला किंवा बाहेरून आलेला. त्या दिवसांत खाडीतला चणक किंवा शेवटो (बोय) विचारा, आणि तोही कच्चा बघूनच.