पुरात अफवा पुढे पाठवणाऱ्यावर गुन्हा दाखल करावा का?

खाडीकाठचा (कळवा): पावसानं जोर धरला की आमच्या ग्रुपवर ‘बारवीचे दरवाजे उघडले, घरं सोडा’ हटकून येतं. ना तारीख, ना वेळ. अहो, बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की उघडणारच! पण खालच्या मजल्यावरचे म्हातारे रात्रभर जागे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ मध्ये खोट्या इशाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद आहे. दोघाचौघांवर लावा, बाकीचे आपोआप शहाणे होतील.

ऐरोलीकर: ते कलम वाचलंय का? घबराट पसरली की पुढे पाठवणाराही त्यात येतो. म्हणजे रचणारा नामानिराळा आणि घाबरलेल्या काकू पोलीस ठाण्यात. २००५ च्या महापुरानंतर दोनच दिवसांनी जुहूच्या नेहरूनगरात धरण फुटल्याची आवई उठली, चेंगराचेंगरीत पंधराहून जास्त माणसं गेली. तेव्हा कुठे होतं व्हॉट्सॲप?

खाडीकाठचा: ती एक वस्ती होती. २०१८ ला केरळ बुडत असताना मुल्लपेरियार धरण गळतंय असा ऑडिओ राज्यभर फिरला. सरकारनं माणसं काढायची की खुलासे करत बसायचं?

वॉर्डातली ताई (ठाणे): मी करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयाच्या चौकशीच्या फोनवर होते. सकाळी कुणीतरी ‘इथे ऑक्सिजनचे बेड आहेत’ असं टाकलं. खरंच होते. दुपारी भरले. मेसेज मात्र पुढे कितीतरी दिवस फिरत राहिला, कल्याणपासून पनवेलपर्यंतचे फोन. एक बाई रिक्षात नवऱ्याला घेऊनच आल्या, मोबाईल पुढे धरून म्हणाल्या, “यात लिहिलंय ना!” आमच्याच भरती पेशंटच्या नातेवाइकांना मात्र फोन लागेना. यात खोटं कोण बोललं? कलम कुणाला लावणार?

खाडीकाठचा: ताई, तारीख-वेळ असती तर त्या बाई आल्या नसत्या. तेवढं तरी सक्तीचं करा.

ऐरोलीकर: कॉपी करताना पहिली तारीखच उडते. आणि सक्ती करणार कोण? एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच बजावलं होतं, मदत मागणाऱ्यांवर कारवाई केलीत तर अवमान समजू. २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, तेव्हा प्रवाशांनी डब्यातून व्हिडिओ टाकले. तेही कुणी तपासून पुढे पाठवले नव्हते.

खाडीकाठचा: ते स्वतः डब्यात होते हो. तुमच्या काकू बारवीवर उभ्या आहेत का?