दिवाळीनंतरचा ‘डिटॉक्स’: सोसायटीच्या ग्रुपवरून

सुलभाकाकू (बी-३०४): *फॉरवर्डेड* दिवाळीत शरीरात साचलेलं सगळं विष ७ दिवसांत बाहेर!! रोज पहाटे अनशापोटी दुधी, कारलं, पालक आणि गुळवेल यांचा १ ग्लास रस. यकृत आरशासारखं लख्ख. १० जणांना पाठवा 🙏

सुलभाकाकू (बी-३०४): मी सोमवारपासून सुरू करतेय. मंडईतून एकदमच दुधी आणते. कोणाला हवेत?

नीलिमा (बी-४०२): माझ्यासाठी २ आणा काकू. चकल्यांनी घात केलाय यंदा.

पाटीलकाका (ए-१०२): मलाही आणा. साखर वर गेलीय, त्यात मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन १.८ आलंय, म्हणजे जास्त. रसात शहाळ्याचं पाणी घातलं तर चालेल का? कारलं जरा सुसह्य होईल.

डॉ. मेघना (सी-५०१): पाटीलकाका, तुम्ही यातलं काहीही घेऊ नका. ओपीडी संपली की सविस्तर लिहिते.

अजय (ए-३०३): माझ्या मेव्हण्याने प्रदर्शनात ते पाय बुडवायचं मशीन केलं होतं. अर्ध्या तासात पाणी तपकिरी! म्हणजे काहीतरी निघत असणारच ना?

समीर (सी-१०४): निघतो तो गंज. पाण्यात मीठ असतं आणि धातूच्या पट्ट्यांतून वीज सोडतात. पुढच्या वेळी पाय न घालता मशीन चालू करायला सांग, पाणी तेवढंच तपकिरी होईल. रात्री तळपायाला लावायच्या पट्ट्यांचंही तेच. घामाच्या ओलाव्यानेच काळ्या पडतात.

अजय (ए-३०३): त्याने ६ बैठकींचे पैसे आगाऊ भरलेत 😄

डॉ. मेघना (सी-५०१): आता लिहिते. लांब आहे, पण वाचा.

आपली मूत्रपिंडं २४ तासांत साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं बहुतेक सगळं शरीर परत घेतं आणि दीडएक लिटर लघवीवाटे जातं. यकृत अमोनियाचं युरियात रूपांतर करतं, दारू आणि औषधांचं विघटन करतं, नको ते पित्तातून आतड्यात सोडतं. दिवाळी असो की श्रावण, हे काम एक दिवसही बंद नसतं. रस पिऊन त्याला वेग येत नाही. या रसाने उलट भार वाढू शकतो.

पालकात ऑक्झलेट भरपूर असतं. एक जुडी भाजीत चौघांच्या ताटात जाते, रसात ती एकट्याच्या पोटात. रोज तसं केलं तर ऑक्झलेटचे खडे मूत्रपिंडात बसू शकतात. शहाळ्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड थकलेलं असेल तर ते बाहेर टाकलं जात नाही आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून पाटीलकाकांना थांबवलं.

दुधीचं वेगळंच. दुधी कडू निघाला तर त्यात कुकरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. रक्ताच्या उलट्या, जुलाब, बीपी एकदम खाली. असा रस पिऊन माणसं दगावली आहेत. त्यानंतर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या समितीने सांगितलं होतं की आधी तुकडा चाखा, कडू असेल तर फेकून द्या आणि दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नका. कारलं घातल्यावर दुधी कडू होता की नाही, हे कळणार कसं?

सुलभाकाकू (बी-३०४): म्हणजे आमच्या आईआजीचं सगळं चुकीचं, असंच ना?

डॉ. मेघना (सी-५०१): काकू, तुमची आजी दुधीचा रस प्यायची का?

सुलभाकाकू (बी-३०४): नाही ग. भाजी करायची. चिरताना तुकडा मात्र चाखायची, काकडीचाही. कडू निघाला तर गाईलासुद्धा घालायची नाही.

डॉ. मेघना (सी-५०१): मग समितीच्या आधी आजीला कळलं होतं.

वैद्य श्रीनिवास (सी-२०१): मी आयुर्वेदाचा माणूस, म्हणून गुळवेलीबद्दल बोलतो. औषध उत्तम आहे, पण ग्रुपवर वाटायचं नाही. कोविडच्या काळात लोक महिनोन्‌महिने काढे प्यायले. मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की ती वेल गुळवेलच होती याची खात्री केली नव्हती. मला तो आक्षेप रास्त वाटतो. पण मग कुंपणावरची वेल तोडून आणणारे आपण तरी कुठे खात्री करतो? तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीही असतात. पंचकर्मसुद्धा माणूस तपासल्याशिवाय करत नाहीत.

नीलिमा (बी-४०२): बरं, रस रद्द. पण काहीतरी तर करायला हवं ना? अंग जड झालंय खरंच.

डॉ. मेघना (सी-५०१): जेवण हलकं आणि लवकर कर. भाकरी, उसळ, पालेभाजी. आतड्यात आलेल्या पित्तातलं बरंच काही शरीर परत शोषून घेतं. चोथा असला की त्यातलं थोडं अडकून बाहेर जातं, पोटही साफ राहतं. पाणी तहानेप्रमाणे, लघवी फिकट पिवळी असली की पुरे. मीठ सगळं धरून दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे उरलेलं फरसाण संपवायची जबाबदारी तुझी नाही. रोज चाल. चरबी साठलेल्या यकृताला वजनातली ७ ते १० टक्के घट जेवढी मानवते तेवढा कुठलाही रस मानवत नाही.

अजय (ए-३०३): ३१ डिसेंबरला आधी लिव्हरचं सिरप घेऊन बसलं तर?

डॉ. मेघना (सी-५०१): नाही.

डॉ. मेघना (सी-५०१): पाटीलकाका, एक विचारायचं राहिलं. गुडघ्यासाठी काही घेता का?

पाटीलकाका (ए-१०२): मेडिकलमधून आणतो ना. लाल पाकिटातली. रोज एक, थंडीत दोन. चार तास पाय हलका राहतो.

डॉ. मेघना (सी-५०१): आजपासून बंद. पाकिटाचा फोटो मला वेगळा पाठवा. बऱ्याच दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. साखर आणि बीपी असलेल्या माणसाने त्या मनाने रोज घेणं फराळापेक्षा कितीतरी घातक. सगळ्यांनाच सांगते, सर्दीच्या गोळीत बहुधा पॅरासिटामॉल असतंच. वरून तापाची वेगळी घेतली की डोस दुप्पट होतो आणि तो यकृताला निस्तरावा लागतो.

पाटीलकाका (ए-१०२): मी आपला करंज्यांना दोष देत होतो.

सेक्रेटरी (बी-१०१): विषय निघालाच आहे तर: रविवारी ११ ते ३ पाणी बंद, दोन्ही टाक्या धुणार आहेत. मागच्या वेळी तिघांनी पाणी बंद नको म्हणून पुढे ढकलायला लावलं होतं.

डॉ. मेघना (सी-५०१): या वेळी ढकलू नका. कावीळ ए आणि ई दूषित पाण्यातून येते, आणि गरोदर बाईला ई फार जड जाते. आपल्या इमारतीत सध्या दोघी आहेत. धुतल्यावर क्लोरीनही तपासून घ्या.

समीर (सी-१०४): आणि माळीदादांना वाळका पाला पेटवू नका म्हणावं. रोज सकाळी सहाला आमची खिडकी धुराने भरते.

सेक्रेटरी (बी-१०१): सांगतो. मागच्या कुंपणाशी खड्डा करू, खत होईल.

सुलभाकाकू (बी-३०४): दुधी आणणारच आहे. भाजीसाठी. नीलिमा, तुझे २ धरलेत. आणि तो मेसेज मी माहेरच्या ग्रुपवरूनही काढला.

पाटीलकाका (ए-१०२): डॉक्टर, क्रिएटिनिन परत करू ना? शनिवारी रक्त द्यायला उपाशी यायचं का?

डॉ. मेघना (सी-५०१): क्रिएटिनिनसाठी उपाशी असायची गरज नाही, पण साखरही बघायचीय, म्हणून उपाशी या. पाणी चालेल. बीपीची गोळी नेहमीच्या वेळेला, साखरेची रक्त देऊन नाश्त्याच्या वेळी. आणि शुक्रवारी रात्री मटण नको, क्रिएटिनिन उगाच वाढलेलं दिसतं.

पाटीलकाका (ए-१०२): शुक्रवारी जावई येतोय. त्याला वाढतो, मी वरणभात खातो.