भाडेकरू गेला, नवा यायचाय: मधल्या दिवसांत घराची डागडुजी कशी करता?

पानफुटी

नमस्कार मंडळी. आमचा वाकडचा टूबीएचके या महिनाअखेर रिकामा होतोय आणि एजंटचा रोज फोन, मॅडम एक हात रंग मारून घ्या, लगेच जाईल फ्लॅट. मला हे कधीच पटलेलं नाही. घर रिकामं असतं ते दोन करारांच्या मधे तेवढंच, तेव्हाच प्लंबर ओट्याखाली नीट शिरू शकतो, इलेक्ट्रिशियन सगळे बोर्ड उघडू शकतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण भिंती पांढऱ्या करून मोकळे होतो. मग नवीन मंडळी आली की आठवड्यात फोन, काकू गीझर ट्रिप होतोय. म्हणून विचारतेय, तुम्ही काय करता, कुठल्या क्रमाने करता? घरमालक आणि भाडेकरू दोघांनीही लिहा, बाहेरदेशातल्यांनी तिकडची पद्धत सांगा.

सुरुवात माझ्यापासून. आमच्याकडे बोअर नि टँकरचं पाणी, भयंकर जड. त्यामुळे घर हातात आलं की मी पहिल्यांदा गीझर उघडायला लावते. मागच्या खेपेला मेकॅनिकने कॉइल बाहेर काढली तर कॉइल दिसेचना, तिच्यावर खडबडीत पांढरट कवच, पान्याने हलकं ठोकल्यावर कपच्या निघाल्या आणि टाकीच्या तळाशी ओंजळभर चुरा साठलेला. तिच्या शेजारी मॅग्नेशियमची दांडी असते, अ‍ॅनोड म्हणतात, ती टाकीच्या ऐवजी स्वतः झिजत जाते. आमची झिजून आतली तार तेवढी उरली होती. दांडी टाकीच्या मानाने अगदी स्वस्त असते, वेळेवर बदलली नाही तर टाकी सडते आणि मग अख्खा गीझर घ्या. नळाच्या तोंडच्या जाळ्या काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकते, शॉवरचंही तेच.

अ‍ॅसिड मात्र घरात येऊ देत नाही. सफाईवाले टाइल्सवर ओततात, त्या दिवशी बाथरूम चकाचक दिसतं पण फटीतलं सिमेंट खाल्लं जातं, नळांचं पॉलिश काळवंडतं, फटी उघड्या पडल्या की पाणी खालच्यांच्या छतात. आणि ब्लीचिंग पावडर टाकली असेल तिथे तर अ‍ॅसिड अजिबातच नको, क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये काम करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. सफाईला येणाऱ्या बाईंना हे आपण सांगायलाच हवं, त्यांना कोणी सांगत नाही.

खाडीवारा

क्रमाबद्दल एकदम सहमत. आधी पाणी, मग वीज, मग सुतार, मग रंग, आणि सफाई सगळ्यात शेवटी. डोंबिवलीत आमचा वनबीएचके आहे, पश्चिमेची भिंत उघडी. दरवेळी पेंटर पोपडे खरवडणार, पुट्टी भरणार, डिस्टेंपर मारणार आणि ऑगस्टमध्ये परत तेच नकाशे. शेवटी एका जुन्या मिस्त्रींनी सांगितलं की आधी पाणी कुठून येतंय ते बघा. त्यांनी भिंतीवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवला. भिंतीकडच्या बाजूने थेंब धरले तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूने धरले तर हवेतला दमटपणा. आमची भिंतीतूनच येत होती, बाहेरच्या प्लास्टरला तडा. गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती आणि पावसाची गळती सोसायटीच्या खात्यात येते, घरातल्या संडास बाथरूम सिंकची गळती आपल्या. लेखी अर्ज फोटोंसकट दिला, मागे लागलो, झालं काम. त्यानंतर भिंत पूर्ण वाळू दिली आणि मगच रंग.

बाथरूमचा संशय असेल तर नहाणीचं भोक कापडाने घट्ट बंद करून पाणी साठवून 24 तास ठेवायचं आणि खालच्यांना आधी सांगून त्यांच्या छतावर लक्ष ठेवायचं. भाडेकरू राहत असताना हे करताच येत नाही, अख्खा दिवस बाथरूम कोण बंद ठेवणार.

कपबशी

आमची अडचण वेगळी, नाशिकचं घर दोन भाडेकरूंच्या मधे कधीकधी महिनोन्महिने बंद राहतं, मी बंगलोरला. राहत्या घरापेक्षा बंद घर लवकर बिघडतं हे अनुभवाने सांगते. दार उघडलं की गटाराचा वास आणि झुरळं, लोकांना वाटतं पाइप फुटला. तसं काही नसतं, नहाणीच्या आणि बेसिनच्या खालच्या वळणात जे पाणी अडून राहतं त्यानेच खालचा वास नि किडे अडतात, घर बंद असलं की ते सुकून जातं. घर लावताना प्रत्येक नहाणीत, सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओतून वरून चमचाभर तेल सोडायचं, तेलाचा तवंग राहतो आणि पाणी सावकाश उडतं. शेजारच्या मावशींकडे किल्ली असते, त्या अधूनमधून येऊन फ्लश करतात, नळ सोडतात, खिडक्या उघडतात. फ्लशमधलं रबर कोरडं पडलं की नंतर सतत गळत राहतं. फ्रिज बंद करून दार किंचित उघडं, मधे नॅपकिन. मेन कॉक बंद, गॅसचा पण.

आणि बाल्कनीत कबुतरं!! त्यांची वाळलेली घाण कोरडी झाडू नका, ती धूळ फुप्फुसांना फार वाईट. मास्क लावून आधी पाणी शिंपडायचं, भिजू द्यायचं, मग खरवडायचं. जाळी बसवायची तर ती याच दिवसांत.

बार्देशकर

आमचं म्हापशाजवळ आजोबांचं कौलारू घर आहे, अर्धं भाड्याने देतो. ऑक्टोबरला लोक येतात, मे संपताना जातात, म्हणजे घर रिकामं होतं नेमकं पावसाच्या तोंडावर. तेव्हा माणसं मिळवणं कठीण, सगळ्या गावाला कौलं त्याच पंधरवड्यात चाळून हवी असतात, म्हणून आमचा माणूस आम्ही एप्रिलमध्येच सांगून ठेवतो. फुटकी बदलायची, वाशांना वाळवी लागलीय का बघायचं, पन्हळीतला पाला काढायचा.

रंगाबद्दल माझं ठाम मत आहे. चिऱ्याची भिंत पाणी ओढते आणि सोडते, तिच्यावर प्लास्टिक पेंट चढवला की आतली ओल आतच कोंडते आणि काही काळाने पापुद्रेच्या पापुद्रे सुटतात. वडील चुनाच लावायचे, मीही चुन्यावरच आलो. दिसायला साधा पण भिंत कोरडी राहते आणि बुरशीही कमी धरते. पावसाळ्यात लाकडी कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढून दारं उघडी ठेवतो, गाद्या माळ्यावर नाही तर बाजेवर उभ्या.

नेकारकाठ

मी स्टुटगार्टजवळ भाड्याने राहते, घरमालकाच्या बाजूचा अनुभव नाही, पण इथली एक गोष्ट आपल्याकडे यावी असं मनापासून वाटतं. घर घेताना आणि सोडताना दोघांनी मिळून खोलीगणिक फिरून कागद भरायचा. कुठली टाइल तडकलीय, कुठे ओरखडा, विजेचं पाण्याचं हीटिंगचं मीटर किती, किल्ल्या किती, खाली दोघांच्या सह्या. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं, आणि ते मालकाने स्वतःच्या पैशांपासून वेगळं ठेवायचं. सोडताना काय आधीपासून होतं आणि काय आमच्याकडून झालं यावर भांडण होत नाही, कागदच बोलतो. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटसाठी भावाने तसाच कागद केलाय, शिवाय रिकाम्या घराचा व्हिडिओ, कपाटांच्या आतून, सिंकच्या खालून सुद्धा.

इथे बुरशीचा मोठा बाऊ. हिवाळ्यात दिवसातून दोनतीनदा सगळ्या खिडक्या पाचदहा मिनिटं सताड उघडायच्या, थंडी असो की बर्फ. आपल्या फोडण्या, कुकरच्या शिट्ट्या, घरात वाळत घातलेले कपडे, एवढी वाफ बंद घरात जिरली की कोपरे काळे पडतात.

भाडेकरू_पक्ष

जरा आमची बाजू. दहा वर्षांत पुण्यात बरीच घरं बदलली. एका ठिकाणी आम्ही घर पुसून, जाळ्या काढून, चिमणीचे फिल्टर सोडा घातलेल्या गरम पाण्यात उकळून धुऊन दिलं, तरी एक महिन्याचं भाडं पेंटिंग चार्ज म्हणून कापलं, आणि तोच फ्लॅट रंग न देताच पुढच्यांना दिला हे वॉचमनकाकांकडून कळलं. फार लागलं ते. रंग उडणं, ऊन लागून फिका पडणं ही वापराची झीज आहे, नुकसान नाही. केंद्राने 2021 मध्ये जो आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला त्याच्या परिशिष्टात सरळ लिहिलंय की भिंतींचा रंग, दारंखिडक्यांचा रंग, पाइप बदलणं, वायरिंग हे मालकाकडे, आणि नळाचे वॉशर, नाली साफ करणं, स्विच, गीझरची दुरुस्ती, कड्याकुलुपं हे भाडेकरूकडे. अर्थात तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. तरी ती यादी करारात घालायला काय हरकत?

आणि लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी टाळू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55, नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे पंखे किती, गीझर कुठल्या स्थितीत, हे कागदावर असणं मालकाच्याच फायद्याचं आहे.

पानफुटी

भाडेकरू_पक्ष, वाचून वाईट वाटलं, आणि ती यादी मी या करारात घालतेय. गीझर मात्र मी स्वतःकडेच ठेवणार, आमच्या पाण्यात तो बिघडतो यात राहणाऱ्याचा काय दोष.

संत्रानगरी

नागपूरहून. आमच्याकडे दोन विषय, कूलर आणि ढेकूण. कूलर खिडकीत बसवतात, उन्हाळाभर पाणी ठिबकून खालची भिंत फुगते, लोखंडी ग्रिल गंजून हातात येते. आम्ही बाहेरच्या बाजूने स्टँड वेल्ड करून घेतला आणि पाणी थेट पाइपने नालीत, तेव्हापासून भिंत शाबूत.

ढेकणांचं मात्र कोणी बोलत नाही, लाजतात. खोल्या मुलांना भाड्याने देतो, कोणीतरी गावाहून गादी आणतं आणि येतात. खोली रिकामी झाली म्हणजे ढेकूण उपाशी मरतील असं समजू नका, न खाता महिनोन्महिने तग धरतात. लाकडी पलंगाचे सांधे खोलून बघायचे, बोर्डाची झाकणं, पडद्याचे रॉड, भिंतीतल्या खिळ्यांची भोकं, सगळं. आम्ही लाकडी पलंग काढून लोखंडी घेतले, सांध्यांत उकळतं पाणी ओततो, भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवतो, आणि पेस्ट कंट्रोल एकदा करून थांबत नाही, अंडी वाचतात म्हणून दोन आठवड्यांनी परत. त्या दुसऱ्या फवारणीपर्यंत खोली कोणालाच देत नाही, भाडं बुडालं तरी चालेल. नवीन पोरगं परीक्षेच्या तयारीला आलेलं असतं, रात्रभर खाजवत बसलं तर अभ्यास कधी करणार.