स्वतःच्या ओएसवर जीसीसी (सोर्स कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारा कंपायलर) चालवायचंय, सुरुवात कुठून करू?

कर्नलवेडा:
तीन वर्षं संध्याकाळी वेळ काढून एक छोटी ऑपरेटिंग सिस्टम लिहितोय. एक्स८६-६४ प्रोसेसरसाठी, कर्नल (ओएसचा गाभा) सीमध्ये. लिनक्सवर क्रॉस कंपायलरने (एका सिस्टमवर चालून दुसरीसाठी कोड काढणारा) बांधतो, क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये चालवतो. न्यूलिब ही सी लायब्ररी पोर्ट झालीय, बॅश शेल उठतो, एलएस आणि कॅट या कमांड चालतात. आता एकच खूळ डोक्यात आहे: इथला प्रोग्राम इथेच कंपाइल व्हायला हवा. दर वेळी लिनक्सवर बांधा, इमेज बनवा, बूट करा, याचा वीट आलाय.

केलेले उद्योग सांगतो, हसू नका. आधी क्रॉस जीसीसीचा आख्खा फोल्डर डिस्क इमेजवर टाकला. 'माझ्या ओएससाठीचा कंपायलर' माझ्या ओएसवर चालणारच, असा समज. ती लिनक्सची बायनरी, माझ्या लोडरने (प्रोग्राम मेमरीत चढवणारा भाग) दारातूनच परत पाठवली. मग जीसीसीचा सोर्स ओएसवर नेऊन तिथेच कॉन्फिगर (बांधणीआधी सिस्टम तपासणारी स्क्रिप्ट) चालवलं. दहा-बारा मिनिटं 'चेकिंग फॉर'च्या ओळी मुंगीच्या पावलांनी सरकल्या आणि शेवटी काय, तर सी कंपायलर सापडत नाही. कंपायलर बांधायला कंपायलर लागतो हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. पुढे कसं जायचं?

तीनतिघाडा:
हसत नाही, तो फोल्डर मीही एकदा उचलून टाकलाय. घोळ तीन शब्दांचा आहे: बिल्ड, होस्ट, टार्गेट. बिल्ड म्हणजे कंपायलर जिथे बांधला जातोय ते मशीन, होस्ट म्हणजे तो जिथे चालणार ते, आणि टार्गेट म्हणजे तो ज्याच्यासाठी कोड काढणार ते. तुमच्याकडे आत्ता बिल्ड आणि होस्ट लिनक्स, फक्त टार्गेट तुमची ओएस. आता बिल्ड तेवढं लिनक्स ठेवा, होस्ट आणि टार्गेट दोन्ही तुमची ओएस. (तिन्ही वेगवेगळी असली की त्याला कॅनेडियन क्रॉस म्हणतात. हे नाव पडलं तेव्हा कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते म्हणे. आपल्याकडे बारसं झालं असतं तर तीन तिघाडा, काम बिघाडा.)

म्हणजे कॉन्फिगर लिनक्सवरच चालवायचं. तुमच्या ओएसवर ते रांगत होतं त्याचं कारणही सांगून ठेवतो. कॉन्फिगर म्हणजे हजारो छोट्या प्रोसेस, आणि तुमचा फोर्क (चालू प्रोसेसची प्रत काढून नवी सुरू करणारा कॉल) बहुधा दर वेळी मेमरीची सगळी पानं कॉपी करतोय. कॉपी-ऑन-राइट घाला, म्हणजे पानावर कुणी लिहिलं तरच त्याची प्रत काढा; पुढे लागेलच.

आधी बायनयुटिल्स (असेम्ब्लर, लिंकर वगैरे) बांधा, जीसीसी नंतर. ४.८ पासून, म्हणजे २०१३ पासून, जीसीसी सी++मध्ये आहे. त्यामुळे तुमच्या क्रॉस कंपायलरला तुमच्या ओएसचं लिबएसटीडीसी++ (सी++ची स्टँडर्ड लायब्ररी) हवं. नुसत्या सीवर भागणार नाही. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या जीसीसीला लागणाऱ्या गणिती लायब्ररीसुद्धा होस्टसाठी, म्हणजे तुमच्या ओएससाठी, बांधाव्या लागतात. इथे एक मेख आहे. जीसीसीच्या कॉन्फिग.सबमध्ये (ओळखीच्या सिस्टमांची यादी असलेली फाइल) तुम्ही ओएसचं नाव घातलं असेल, पण या तिघांची आपापली कॉन्फिग.सब असते. जीएमपीत तर खरी यादी कॉन्फिगएफएसएफ.सबमध्ये दडलेली आहे. तिथे नाव नाही घातलं तर 'सिस्टम नॉट रेकग्नाइज्ड' म्हणून हात वर करतात आणि माणूस भलत्याच फाइलमध्ये शोधत बसतो.

हलकाफुलका:
एवढा डोंगर कशाला? आधी टीसीसी हा चिमुकला सी कंपायलर टाका. प्रीप्रोसेसर, असेम्ब्लर, लिंकर सगळं एकाच प्रोसेसमध्ये, फोर्कची भानगडच नाही. 'हॅलो वर्ल्ड' आपल्याच ओएसवर कंपाइल झाल्याचा आनंद आजच मिळेल, जीसीसी मागाहून.

तीनतिघाडा:
हे पटलं. टीसीसी चालला नाही तर जीसीसीकडे बघूही नका. फक्त त्याने जीसीसी बांधू असं मनात आणू नका, त्याला सी++ येत नाही.

आणि जीसीसी डिस्कवर गेला की लगेच 'जीसीसी हॅलो.सी' मारू नका. जीसीसी हा नुसता मुकादम. काम सीसीवन (खरा कंपायलर), एएस (असेम्ब्लर) आणि एलडी (लिंकर) करतात, तो फक्त त्यांना प्रोसेस म्हणून उठवतो आणि टेंप फाइली इकडून तिकडे देतो. थेट त्यालाच चालवलंत तर कोण मेलं ते कळत नाही. आधी सीसीवन हाताने चालवून .एस फाइल (असेम्ब्ली कोड) काढा. ती एएसला द्या, मग एलडीला. तिन्ही नीट चालले की मगच मुकादमाला बोलवा. तोवर एक्झेक आणि वेट (प्रोसेस उठवणारा आणि ती संपायची वाट पाहणारा कॉल) आणि टेंप फोल्डर तपासून घ्या.

कर्नलवेडा:
तीन आठवड्यांनी परत आलोय. टीसीसी दुसऱ्याच दिवशी चालला. जीएमपीची मेख तुम्ही सांगूनही मला लागलीच, एक संध्याकाळ गेली.

सीसीवन सुरू होताच जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, म्हणजे प्रोसेसरनेच प्रोग्राम अडवला. डिसअसेम्ब्ली पाहिली तर मूव्हॅप्सची सूचना (हिला १६ बाइटवर अलाइन पत्ता लागतो), आणि आरएसपी, म्हणजे स्टॅकचा पॉइंटर, आठने सरकलेला. प्रोग्राम सुरू होताना स्टॅक १६ बाइटवर अलाइन हवा असं एबीआय (बायनरी पातळीवरचे ठरलेले नियम) सांगतो. माझा लोडर आर्गसी आणि आर्गव्ही (प्रोग्रामला दिलेले आर्ग्युमेंट) ठेवताना ते पाळत नव्हता. तीन वर्षं एकाही प्रोग्रामने तक्रार केली नव्हती! लोडरमध्ये एक ओळ, आणि सीसीवन बोलू लागला.

मग कॉपी-ऑन-राइट घालून हिंमत केली आणि ओएसवरच पूर्ण बूटस्ट्रॅप (जीसीसीने स्वतःलाच टप्प्याटप्प्याने पुन्हा बांधणं) लावला. रात्रभर चालून सकाळी 'बूटस्ट्रॅप कंपॅरिझन फेल्युअर'. स्टेज २ आणि स्टेज ३च्या आठ ऑब्जेक्ट फाइली जुळत नाहीत. कंपायलरच चुकीचा कोड काढतोय का?

तीनतिघाडा:
स्टेज १ने स्टेज २ बांधला, स्टेज २ने स्टेज ३. सोर्स एकच, त्यामुळे दोघांच्या ऑब्जेक्ट फाइली सारख्याच यायला हव्यात. पण कोडवर संशय घेण्याआधी फरक नेमक्या कुठल्या बाइटला आहे ते बघा. दोन्ही फाइलींचं डिसअसेम्ब्ली तंतोतंत जुळलं, तर गुन्हेगार कंपायलर नाही.

कर्नलवेडा:
डिसअसेम्ब्ली जुळली! फरक दोन सेक्शनांच्या मधल्या फटीत होता, कुठे चार बाइट, कुठे बारा. हेक्स डंपमध्ये त्या बारा बाइटांत चक्क 'चेकिंग फॉ' दिसलं, म्हणजे कधीच्या तरी कॉन्फिग.लॉगचा तुकडा. असेम्ब्लर एलसीक करून (फाइलमधली लिहिण्याची जागा पुढे सरकवून) फाइलच्या टोकापलीकडे जातो आणि पुढचा सेक्शन लिहितो. मधली जागा वाचताना शून्य यायला हवी. माझी फाइल सिस्टम नवा ब्लॉक देताना तो पुसतच नव्हती, खोडलेल्या फाइलीचा मजकूर तसाच राहायचा.

ब्लॉक देतानाच शून्याने भरतोय आता. स्टेज २ परत लावलाय, या घडीला इन्सन-अ‍ॅट्रटॅब या जीसीसीच्याच एका भल्यामोठ्या फाइलवर घुटमळतोय.

हलकाफुलका:
म्हणजे तीन वर्षं कुणाचीही खोडलेली फाइल कुणालाही वाचता येत होती?

कर्नलवेडा:
हो. युजर एकच आहे, मी.