एसीएल ऑपरेशननंतर सातवा आठवडा: व्यायामाचा नेट टिकत नाही

चढाई_गुहागर: उजव्या गुडघ्याचं एसीएल (गुडघा आतून बांधून ठेवणारी लिगामेंट) ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले. ग्राफ्ट, म्हणजे तिच्या जागी बसवलेला दोर, हॅमस्ट्रिंगचा (मांडीमागच्या स्नायूचा); मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) शाबूत. कुबड्या सुटल्या, पाय पूर्ण सरळ होतो, १२० अंश वाकतो. फिजिओ चिपळूणला, पंधरवड्यातून एकदाच जाणं जमतं. रोज उताणं पडून पाय उचलायचा, फरक काही दिसत नाही, मग दोन-दोन दिवस खाडा. दुखत तर नाहीच. डिसेंबरात कबड्डीला उतरता येईल का?

वाटीचा_हिशोब: डिसेंबर विसरा. नवा ग्राफ्ट सुरुवातीला जिवंत दोर नसतो. त्यात रक्तवाहिन्या शिरतात, तंतू नव्याने विणले जातात आणि या उलथापालथीत पहिले दोन-तीन महिने तो बसवला त्या दिवसापेक्षा कमजोर असतो. नेमकं तेव्हाच दुखणं थांबतं, म्हणून फसायला होतं. नॉर्वेतल्या २०१६च्या अभ्यासात मैदानात परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितके महिने लांबवलं, तितकी दर महिन्याला पुन्हा दुखापतीची शक्यता साधारण निम्म्याने घटलेली दिसली. नऊ महिन्यांनंतरही दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी.

आता कंटाळ्याचं. उताणं पडून पाय उचलणं हा पहिल्या काही आठवड्यांचा व्यायाम. स्नायूला त्यात आता ओझंच नाही, फरक दिसणार कुठून? फिजिओला फोन करून एवढं सुरू करायचं का विचारा, आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक: भिंतीला पाठ टेकवून ६० अंशांपर्यंत स्क्वॅट, पायरी चढणं, टाचा उचलणं. प्रत्येकी १०चे तीन सेट. सलग दोन वेळा शेवटचे दोन सहज निघाले की पाठीवरच्या सॅकमध्ये एक किलो तांदूळ वाढवा. ग्राफ्टसाठी मांडीमागची कंडरा काढली आहे, तेव्हा टाच वजनासह मागे ओढायचा व्यायाम ते सांगतील तेव्हाच.

मोजमाप रोज नको, निराशाच पदरी पडते. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटर वर दोन्ही मांड्यांचा घेर चार आठवड्यांनी एकदा, आणि ३० सेकंदांत खुर्चीवरून हात न लावता किती वेळा उठता ते दर रविवारी. दोन्ही कालनिर्णयावर लिहा. अगदी नको वाटेल त्या दिवशी फक्त पहिला सेट करून उठा, खाडा मात्र नको.

देवबागकर: पावसात मागीलदारच्या चिऱ्याच्या पायरीर व्यायाम करू नको रे, शेवाळ आसता. घरातच पाटार कर, पाटाखाली वला गोणपाट घाल म्हणजे सरकाचो नाय.

पडवी: बरोबर. पाटावर जमलं की मग २० सेंटिमीटरची पायरी. पुळणीवर चालायची घाईही नको: कोरड्या वाळूत पाऊल रुततं आणि गुडघा पिळतो, पाण्याच्या कडेला उतार असल्याने एक पाय सतत वर राहतो. तोवर पडवीतल्या फेऱ्या बऱ्या. गणपतीत आरतीला खुर्ची घ्या. फुगडी आणि जाखडी या वर्षी फक्त बघायची. पाऊल जमिनीत रोवून अंग फिरवणं, एसीएल तुटते ती बहुधा अशीच. विसर्जनाचा ओला घाटही इतरांवर सोडा.

चढाई_गुहागर: स्क्वॅट केले की वाटीखाली दुखतं. थांबवू?

वाटीचा_हिशोब: दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि सकाळी गेलं तर चालू ठेवा, फक्त खोली ४५ अंशांवर आणा. सकाळी वाटीभोवतीचे खळगे भरलेले दिसले तर सूज आहे: दोन दिवस सुट्टी, मग आधीच्या वजनावर. पोटरी दुखून सुजली किंवा ताप आला तर व्यायाम बंद, त्याच दिवशी डॉक्टर. आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं तर क्षणही न घालवता १०८ला फोन.