आर्ट सायकोथेरपीचे पदव्युत्तर शिक्षण : नागपूरहून सुरुवात कशी करावी?

चित्ररेखा_धरमपेठ

नमस्कार. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर गेली काही वर्षे मी एका शाळेत कलाशिक्षिका म्हणून काम करते. शाळेला जोडून विशेष गरजा असलेल्या मुलांचा एक छोटा वर्ग चालतो आणि आठवड्यातील दोन तास तो माझ्याकडे असतो. त्या वर्गातील एक मूल फारसे बोलत नाही. ते तेलखडू इतका दाबून फिरवते की कागद फाटतो. मग फाटलेल्या जागेला मागच्या बाजूने चिकटपट्टी लावून घेते आणि त्यानंतरच कागद माझ्या हाती देते. अशा वेळी बोलावे की गप्प बसावे, तो कागद घरी पाठवावा की कपाटात ठेवावा, हे चित्रकलेच्या शिक्षणात मला कोणी शिकवलेले नाही, आणि अंदाजाने वागणे मला पटत नाही.

म्हणून आर्ट सायकोथेरपीचे, म्हणजे चित्र किंवा मातीकाम यांच्या माध्यमातून केल्या जाणाऱ्या मानसोपचाराचे, रीतसर पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा विचार आहे. आधी मानसशास्त्रात एमए करणे आवश्यक आहे का? भारतात राहून हे शिक्षण घेता येते, की परदेशात जाण्यावाचून गत्यंतर नाही? आणि नागपुरात राहून आतापासून कोणती तयारी करावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सीताबर्डीकर

माझ्या भाचीने शनिवार-रविवारच्या ऑनलाइन वर्गांतून काही महिन्यांत आर्ट थेरपीचे प्रमाणपत्र मिळवले आणि आता ती शाळांमध्ये कार्यशाळा घेते. परदेशाचा खर्च करण्यापूर्वी असा एखादा वर्ग करून पाहावा, असे मला वाटते. नोकरीही सोडावी लागत नाही.

मातीकाम

सीताबर्डीकर यांची सूचना चाचपणीसाठी ठीक आहे. परंतु अशा प्रमाणपत्रातून मिळते ते कला वापरून गटाला मोकळे करण्याचे कौशल्य. आघातातून गेलेल्या किंवा तीव्र मानसिक आजार असलेल्या माणसाबरोबर एकट्याने, महिनोन्महिने काम करण्याची तयारी त्यातून होत नाही, आणि असे प्रमाणपत्र हाती आल्यावर लगेच ‘थेरपिस्ट’ अशी पाटी लावणाऱ्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही.

मी ब्रिटनमध्ये दोन वर्षांचा पूर्णवेळ एमए केला, तेथे काही काळ नोकरी केली आणि आता नागपुरातून काम करतो. चित्ररेखाताई, अभ्यासक्रम निवडण्याआधी पुढे काम कोठे करायचे ते ठरवा, कारण बाकीची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. ब्रिटनमध्ये ‘आर्ट थेरपिस्ट’ आणि ‘आर्ट सायकोथेरपिस्ट’ ही दोन्ही पदनामे कायद्याने संरक्षित असून, हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल, म्हणजे एचसीपीसी, या नियामक संस्थेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय ती लावता येत नाहीत. तेथे शिकून या नोंदवहीत यायचे असेल, तर तिने मान्य केलेलाच अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यामुळे विद्यापीठांची देखणी माहितीपत्रके चाळण्याआधी एचसीपीसीच्या संकेतस्थळावरील मान्य अभ्यासक्रमांची यादी उघडावी. कला आणि आरोग्य यांची सांगड घालणारे इतरही एमए तेथे आहेत आणि त्यांतले काही अभ्यास म्हणून उत्तम आहेत, पण त्यांच्या जोरावर ही नोंदणी मिळत नाही. लंडनचे गोल्डस्मिथ्स, रोहॅम्प्टन, हर्टफर्डशायर आणि एडिनबरोचे क्वीन मार्गारेट ही या विषयासाठी परिचित विद्यापीठे आहेत. इंग्रजीच्या बाबतीत आयईएलटीएसमध्ये एकूण ७.० आणि कोणत्याही भागात ६.५ पेक्षा कमी नाही, ही एचसीपीसीची पातळी डोळ्यांसमोर ठेवावी.

मानसशास्त्राचा एमए बहुतेक ठिकाणी अनिवार्य नसतो. आपली चित्रकलेची पदवी ही उलट जमेची बाजू आहे. मात्र पोर्टफोलिओत आपले स्वतःचे, आजही चालू असलेले काम दिसावे लागते. वर्गात फळ्यावर काढून दाखवलेली निसर्गचित्रे तेथे उपयोगी पडत नाहीत. त्याखेरीज अडचणीत असलेल्या माणसांबरोबर साधारण वर्षभराच्या पूर्णवेळ नोकरीइतके प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव मागितला जातो. शाळेतील चित्रकलेचा तास त्यात धरला जाईलच असे नाही, विशेष मुलांच्या वर्गातील तास धरले जाण्याची शक्यता अधिक आहे. तेव्हा त्या तासांची नोंद तारीखवार ठेवा आणि मुख्याध्यापकांची स्वाक्षरी घेत चला.

आणखी एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगून ठेवावी. शिक्षणाच्या संपूर्ण काळात विद्यार्थ्याने स्वतः एखाद्या थेरपिस्टकडे नियमित जाणे बंधनकारक असते आणि त्याचा खर्च बहुधा शुल्कात धरलेला नसतो. आमच्या घरी यावरून बराच काळ चर्चा चालली होती की, शिकायला गेलेल्या माणसाला उपचार कशासाठी हवेत.

ब्रिटनऐवजी सिंगापूरच्या लासाल कॉलेज ऑफ द आर्ट्समधील दोन वर्षांचा आर्ट थेरपीचा एमएही विचारात घेण्यासारखा आहे. नागपूरपासून जवळ, आणि आशियाई कुटुंबपद्धतीची समज तेथे गृहीत धरता येते. अमेरिकेत किमान ६० क्रेडिटची पदव्युत्तर पदवी लागते आणि पुढे परवान्याचे नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून परत येऊन नागपुरात काम करणाऱ्याला तो मार्ग मी सहसा सुचवत नाही.

भारतात आर्ट थेरपिस्टसाठी ब्रिटनसारखी वैधानिक नोंदणी अजून रुळलेली नाही. २०२१ च्या राष्ट्रीय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाच्या अनुसूचीत मूव्हमेंट थेरपिस्ट या शीर्षाखाली आर्ट थेरपिस्टचा उल्लेख आहे, एवढे जरूर लक्षात ठेवावे. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे पद मात्र पूर्णपणे वेगळे असून त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आपण परदेशातून कितीही शिकून आलात तरी आर्ट सायकोथेरपीच्या पदवीवर ते लावता येणार नाही.

समाजकार्य_मानकापूर

मी मनोविकृती समाजकार्याच्या क्षेत्रात आहे, म्हणून स्थानिक बाजूपुरते लिहिते.

नागपुरात अनुभवासाठी जागा कमी नाहीत. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्याच शहरात आहे. मेडिकल, मेयो आणि एम्स या मोठ्या रुग्णालयांत मनोविकृतीशास्त्र विभाग आहेत. थोडा प्रवास चालत असेल तर वर्ध्याजवळ सावंगीलाही आहे. व्यसनमुक्ती केंद्रे आणि वृद्धाश्रम वेगळेच. अर्ज लेखी करावा आणि त्यात ‘थेरपी देऊ इच्छिते’ असे लिहू नये. ‘विभागातील तज्ज्ञांच्या देखरेखीखाली कलाकृती-गट चालवू इच्छिते’ असे लिहिल्यास अर्ज पुढे सरकतो, आणि सद्यःस्थितीत तेच खरेही आहे.

वॉर्डात जाताना कात्री, कटर, काचेचा पेला आणि टर्पेंटाइन बरोबर नेता येणार नाही, हे गृहीत धरा. कागद घरूनच कापून न्यावा, पाण्यासाठी प्लास्टिकची वाटी घ्यावी आणि परतताना प्रत्येक ब्रश मोजून घ्यावा. मातीकाम करायचे असल्यास एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हाने गोळा तासाभरात कडक होतो आणि आधीच खचलेल्या माणसाच्या बोटांत तो तडकला की तो माणूस पुन्हा त्याला हात लावत नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून नेलेली माती बरी टिकते.

मानसशास्त्राच्या एमएविषयी एक महत्त्वाची सूचना. नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीने तो करण्याचा सल्ला अजूनही अनेक जण देतात. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी संबंधित विषयांचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश बंद करण्याचे निर्देश दिलेले आहेत. त्यामुळे एमए करायचाच असेल तर तो विद्यापीठाच्या विभागात किंवा महाविद्यालयात नियमित पद्धतीने करावा लागेल.

चित्ररेखा_धरमपेठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तासांची नोंद या आठवड्यापासूनच सुरू करते. दोन शंका उरल्या आहेत. काळा रंग म्हणजे नैराश्य, झाडाला मुळे नसणे म्हणजे असुरक्षितता, असे अर्थ सांगणारे तक्ते मला शाळेतील सहकारी वरचेवर पाठवतात. पदव्युत्तर शिक्षणात हेच शिकवतात का? आणि शिष्यवृत्तीची शक्यता कितपत आहे?

मातीकाम

ते तक्ते निःशंकपणे पुसून टाकावेत. काळा खडू पुष्कळदा केवळ डब्यात तेवढाच शिल्लक असल्यामुळे उचललेला असतो. चित्राचा अर्थ ते काढणाऱ्याच्या आणि थेरपिस्टच्या सहवासात हळूहळू तयार होतो, आणि दोन वर्षांत जे शिकवले जाते ते मुख्यतः त्या सहवासाविषयी असते. व्यक्ती, थेरपिस्ट आणि चित्र असा त्रिकोण मानला जातो. व्यक्तीच्या भावना थेरपिस्टकडे वळतात तशा चित्राकडेही वळतात, आणि थेरपिस्टच्या मनातही त्या चित्राबद्दल काहीतरी उमटत असते; कधी किळस, कधी कंटाळा, कधी ते सुंदर करून द्यावे अशी ऊर्मी. चित्रकला शिकलेल्यांना ही शेवटची ऊर्मी आवरणे सर्वांत जड जाते.

ब्रिटिश आर्ट सायकोथेरपिस्ट जॉय शॅव्हेरियन यांनी मांडलेली ‘स्केपगोट ट्रान्सफरन्स’ ही कल्पना आम्हाला वर्गात शिकवली गेली. माणसाला स्वतःजवळ ठेवता न येणारे काही तो चित्रावर लादतो आणि मग ते चित्र फाडतो, लपवतो किंवा दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या, म्हणजे गावची पीडा सोबत नेणाऱ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीत ‘घेऊन जा गे मारबत’ असा गजर ऐकत वाढलेल्या नागपूरकराला यातले निम्मे न शिकवताच कळते. मात्र मारबत गावाबाहेर नेऊन जाळतात, तर थेरपीत ते चित्र जपून ठेवतात, काही आठवड्यांनी पुन्हा समोर घेतात आणि त्याचे पुढे काय करायचे हे त्या व्यक्तीबरोबर ठरवतात. म्हणूनच प्रत्येकाचे स्वतंत्र फोल्डर आणि कुलूप असलेले कपाट हा प्रशिक्षणाचा गंभीर भाग आहे. तेथे चित्र हे गोपनीय कागदपत्राच्या बरोबरीचे मानले जाते. ते शाळेच्या वार्षिक प्रदर्शनात लावायचे नसते आणि व्हॉट्सॲपवर तर नाहीच नाही.

फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावणाऱ्या त्या मुलाच्या बाबतीत, आपण सध्या त्याला पट्टी हवी तेवढी वापरू द्यावी, कागद त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये त्याच्या देखत ठेवावा आणि पुढच्या वेळी फोल्डर त्याच ठिकाणी असेल याची काळजी घ्यावी. अर्थ सांगू नये, कौतुकही करू नये. वर्गाचे विशेष शिक्षक आणि समुपदेशक असतील तर त्यांच्या कानावर हे घालावे, कारण देखरेखीशिवाय याच्या पुढे जाणे आपल्याही हिताचे नाही.

शिष्यवृत्ती_विचारा

शिष्यवृत्तीसंबंधी थोडे लिहितो. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी असते, त्यामुळे दोन वर्षांच्या आर्ट सायकोथेरपीला ती लागू पडत नाही. अर्जाचे निबंध लिहिण्यात वेळ घालवू नये. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, पण तिला जागतिक क्रमवारीची अट आहे आणि या विषयाची बरीचशी विद्यापीठे त्या क्रमवारीत वर नसतात. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीही आपल्या प्रवर्गाला लागू होते का ते पाहावे. दोन्हींसाठी त्या वर्षीची जाहिरात आणि शासन निर्णय मुळातून वाचावा. गेल्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबू नये. उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांना आपल्याकडे वेळ लागतो, म्हणून विद्यापीठाचे प्रवेशपत्र येण्याची वाट न पाहता ते अर्ज आजच टाकावेत.